एक खातं जास्त

चिमीने आधी इंटरनेटची वायर उपटली आणि मग पायातल्या चपला काढल्या.

"अगं, पाणी तरी पी," आई म्हणाली. "केवढी धाप लागलीये तुला."

"कशाला हात लावू नका. कोणी काही दाबू नका."

"आम्ही कशाला दाबतोय!" आईने पाण्याचा ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला, मग काहीतरी सुचून तो कॉम्प्युटरपासून लांब सरकवला.

खिडकीशी कर्नल पेपर वाचत बसले होते. लेक आत आली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, हसले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पान मात्र उलटलं नाही.

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. तंत्रनिकेतनात त्यांनी उभी हयात ऑपरेटिंग सिस्टिम हा एकच विषय शिकवला. त्या सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. पहिल्याच तासाला ते सांगत, "कर्नल म्हणजे घरातला कर्ता. घरात माणसं कितीही असोत, कपाटाला हात लावायचा तर आधी त्याला विचारायचं. परस्पर कोणी जायचं नाही. जिथे जो तो परस्पर जातो त्या घराचं काय होतं, ते आपापल्या काकांना विचारा." मुलं खो खो हसत. हे नाव कॉलेजातून सोसायटीपर्यंत पोचलं. नवा वॉचमन त्यांना कडक सलाम ठोकू लागला. बिचाऱ्याचा हिरमोड कशाला, म्हणून तेही तसाच सलाम परत करत.

अशा माणसाला उन्हाळ्यात एका दुपारी फोन आला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, आम्ही इथून काढून देतो, असं पलीकडचा गोड आवाज म्हणाला. आणि याहून लहान चुकांसाठी ज्यांनी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्या कर्नलांनी तो सांगेल तो आकडा वाचून दाखवला, तो म्हणेल ते बटण दाबलं. आई खोलीत आली तेव्हा पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत होता आणि हे हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होते. तिने काही न विचारता भिंतीवरचा स्विच बंद केला. गेलं काहीच नाही. निदान कॉम्प्युटरमधून तरी.

त्यानंतरच्या रविवारी चिमीने येऊन सगळं पुसलं आणि नव्याने मांडलं. ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं होती. एका मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर ती सगळी रात्रंदिवस पहारा ठेवत, आणि कोणाला काय उघडता येईल हे तिच्या शब्दावर ठरे. घरच्या मशीनवर तिने दोन खाती केली. एक स्वतःचं, सगळे अधिकार असलेलं, ज्याचा पासवर्ड फक्त तिला ठाऊक. दुसरं कर्नलांचं, साधं. त्यात वाचता येईल, लिहिता येईल, मेल पाठवता येईल. नवीन काही घालता येणार नाही, आहे ते बदलता येणार नाही.

"जेवढं काम, तेवढाच अधिकार," काम करता करता ती बोलून गेली होती. वाक्य त्यांचंच होतं, त्यांच्या फळ्यावरचं. ते मागेच उभे होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले होते.

बाबा आता सारखे फोन करणार, हे हवंय, ते चालू करून दे म्हणणार, असं तिने धरलं होतं. एकही फोन आला नाही. बरंच झालं, असं तिला वाटलं. तिला वेळ कुठे होता?

आणि काल संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आई तिला खिडकीचे नवे पडदे दाखवत होती. फोन फिरवताना मागे कॉम्प्युटर दिसला. तो नुकताच सुरू झाला होता, आणि कोण आत येणार ते विचारत होता. त्यावर दोन नावं असायला हवी होती. तीन होती. तिसरं नाव होतं 'पाहुणा'.

ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाली आणि उजाडताच निघाली.

आता ती कॉम्प्युटरवर एकामागून एक खिडक्या उघडत होती. पाहुण्याला सगळे अधिकार होते. तिच्याइतकेच. म्हणजे तो गोड आवाजाचा माणूस परत आला होता, की पुसूनही त्याचं काही मागे राहिलं होतं? तिचा पाय टेबलाखाली थडथड हलत होता. शेजारी ठेवलेला फोन ऑफिसच्या निरोपांनी गुरगुरत होता. तिने तो पालथा घातला, मग सुलटा केला, मग पुन्हा पालथा घातला.

"पाय हलवू नकोस," आई म्हणाली.

"बाबा, परत कोणाचा फोन आला होता का?"

"नाही."

"नीट आठवून सांगा."

बोलून झाल्यावर तिला ते 'आठवून' ऐकू आलं. तिघांनाही आलं. कर्नलांनी पेपर थोडा वर धरला. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

बाहेरून कोणी आल्याची एकही खूण मिळेना. तिने पुन्हा पाहिलं. मग नुसत्या शंकेपोटी खातं कधी तयार झालं ते पाहिलं, आणि तिचे हात थांबले. गुरुवारी सकाळी. त्या वेळी तिने मांडलेली सिस्टिम जागीच झालेली नव्हती. कोणीतरी याच खुर्चीवर बसून, पेनड्राइव्ह लावून, त्यातल्या दुसऱ्याच सिस्टिमवर मशीन सुरू केलं होतं. आतला पहारेकरी झोपलेला ठेवून सरळ डिस्कवर हात घातला होता. हे करता आलं, कारण डिस्कला तिने पासवर्डचं कुलूप घातलंच नव्हतं. मशीन जुनं होतं, आणखी रखडलं असतं. शिवाय चोर येईल तो बाहेरून येईल, असं तिने गृहीत धरलं होतं. ऑफिसात हाताखालच्या कोणी असं धरलं असतं, तर तिने त्याची सालटी काढली असती.

तिने खुर्ची वळवली.

"बाबा, पेनड्राइव्ह कुठाय?"

कर्नलांनी पेपरची घडी घातली. मग खिशातून चष्म्याचं घर काढलं, आतलं पुसायचं फडकं उचललं आणि त्याखालचा पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला.

"तुम्ही माझी सिस्टिम फोडलीत?"

"पहिल्याच दिवशी." त्यांच्या आवाजात जरासा जुना मास्तर डोकावला. "तू गेलीस आणि मी बसलो. चहा निवायच्या आत झालं. राग आला होता मला."

"मग मला सांगायचंत. भांडायचंत."

"कशाला? तू चुकीचं काहीच केलं नव्हतंस." ते उठून खिडकीपाशी गेले, पडदा उगाच सारखा केला. "मग म्हटलं, हे बरंय. रोज सकाळी, तुझी आई अंघोळीला गेली की बसायचं. फोडायचं, एक खातं करायचं, ते पुसायचं आणि सगळं होतं तसं ठेवायचं. तुझ्या कशाला धक्का लावला नाही. नुसतं बघायचं होतं."

"काय?"

"जमतंय का अजून."

चिमीला हसू येऊ पाहत होतं. बाबांनी तिला हातोहात फसवलं होतं, आणि चोर कोणी नव्हता. मान मोकळी झाल्यासारखी वाटली. "पण मग पुसलं का नाहीत? हे बघा, पाहुणेबुवा इथेच मुक्कामाला आहेत. काल मी घाबरून मेले."

कर्नल जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे मी केलेलं नाही."

"गुरुवारी सकाळी केलंय."

"गुरुवारी नाही जमलं मला," ते ठामपणे म्हणाले. "अडकलो. मधलं काहीतरी आठवेना. बराच वेळ बसलो आणि मग सोडून दिलं. म्हणून तर शुक्रवारी बसलोच नाही. कालही नाही."

चिमीने पडद्याकडे पाहिलं. गुरुवारी काहीच चुकलेलं नव्हतं. एकेक पायरी अगदी तिने केली असती तशी होती, एका ठिकाणी तर तिच्याहून देखणी.

"जमलं होतं, बाबा," ती म्हणाली. "सगळं जमलं होतं."

कर्नल पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं पीं बराच वेळ चालली. गाडी लागली, आवाज थांबला. ते आपल्या तळहातांकडे बघत होते, आपले नसल्यासारखे.

"दार उघडं आहे हे कळल्यावर ते उघडं ठेवायचं नसतं," शेवटी ते म्हणाले. आवाज साफ होता. "डिस्कला कुलूप घाल. यायच्या वेळी सगळी तयारी करून आली असशीलच."

ती तयारीनेच आली होती. पिशवीत सगळं होतं. तिने पिशवीची चेन थोडी उघडली आणि तशीच ठेवली.

"आधी मला दाखवा," ती म्हणाली. "कसं करता ते."

"तुला येतं की."

"तुमची पद्धत बघायचीये."

ती खुर्चीवरून उठली. कर्नल तिच्याकडे बघत राहिले, मग येऊन बसले. शर्टाच्या बाह्या त्यांनी दुमडल्या. पेनड्राइव्ह लावला, मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि अचूक वेळी अचूक बटण दाबलं. बोटं भराभर चालू लागली. चिमी खांद्यामागे उभी राहून बघत होती. लहानपणी ती अशीच उभी राहायची आणि ते एकेक ओळ मोठ्याने म्हणत टाइप करायचे.

काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली, दुसरी उमटली. तिसरी अर्धी झाली आणि बोटं थांबली.

पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

पुढचा शब्द चिमीच्या जिभेवर होता. चारच अक्षरं. तिने हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. पाय हलायला लागला तसा तिने तोही दाबून धरला. कर्नलांनी एक अक्षर टाइप केलं, पुसलं. मानेवर घामाचा थेंब दिसत होता.

"चहाचं बघ जरा," मागे न वळता ते म्हणाले.

स्वयंपाकघरात आई ओट्याला टेकून उभी होती. तिने चहा टाकला होता. भांड्यातलं पाणी नुकतं कढायला लागलं होतं.

"बसलेत का?"

चिमीने मान हलवली, मग चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? मी बाथरूमची कडी लावली की खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. बाहेर आले की हे पेपर घेऊन बसलेले, तोंडावर मिशीतलं हसू." आईने गाळणं हातात घेतलं, परत ठेवलं. "आधी पटकन व्हायचं. मी साबण लावेपर्यंत खुर्ची परत जागेवर. मग वेळ लागायला लागला. एकदा मी लवकर आले, तर दचकून सगळं बंदच करून टाकलं. तो अख्खा दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तेव्हापासून मी आतच थांबते."

"म्हणजे?"

"म्हणजे खुर्ची वाजेपर्यंत. पाणी सोडून ठेवते नळाचं, म्हणजे त्यांना वाटतं चाललीये अंघोळ. रोज डोक्यावरून पाणी घेते." ती हसली. "केस बघ माझे, धुऊन धुऊन निम्मे राहिलेत. गुरुवारी तर बोटांच्या सुरकुत्या पडल्या. पाणी गार झालं, तरी खुर्ची वाजेना."

चिमीने तिच्या हाताकडे पाहिलं.

"डॉक्टरांचा नंबर लावलाय," आई म्हणाली. "बाबा म्हणाले, चिमीला मी सांगेन. तर तू आपलं त्यांना सांगू दे."

"हो."

"आणि ते कुलूप की काय, ते आज लावणार आहेस?"

आतून काही ऐकू येत नव्हतं. कॉम्प्युटरशेजारी पालथा पडलेला फोन एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. चिमी दाराकडे निघाली होती, तिथेच थांबली.

"मशीन जुनं आहे," ती म्हणाली. "झेपायचं नाही त्याला."

आईने मान डोलावली. चहा उकळून वर आला होता. तिने साखर घातली, ढवळला, मग आतल्या खोलीच्या दिशेने कान दिला. अजून शांतच होतं.

तिने गॅस बारीक केला.