अंजिरांच्या रांगेत पाम

पित्ताचे खडे काढून हमदम आठ दिवसांनी घरी आला आणि अंगणात पाऊल टाकताच त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. कोपऱ्यात पाम नव्हता. त्याच्या जागी माणूसभर लांबीचा मातीचा उंचवटा होता, फावड्याच्या पाठीने छान थापलेला.

"कोण गेलं?" त्याने बायकोला विचारलं.

"कुणी नाही गेलं. तुमचा पाम आहे तो," तुर्गुनॉय म्हणाली. "कोचकार-अकांनी पुरला. अख्खी गल्ली आली होती मदतीला. मी पुलाव केला सगळ्यांना."

आता उझबेकिस्तानातल्या आमच्या नमनगानात नोव्हेंबर लागला की थंडीपासून वाचवायला अंजीर आणि डाळिंब वाकवून, आडवं करून मातीखाली झोपवायचं आणि मार्चात उठवायचं, हे काही नवीन नाही. आणि आमच्या गल्लीत त्या कामाचे मुकादम शेजारचे कोचकार-अका, म्हणजे कोचकारदादा. चाळीस वर्षांत एक अंजीर दगावू दिलं नाही म्हातारबाबांनी, आणि हे ते दिवसातून दोनदा सांगतात. पण पाम म्हणजे काय अंजीर आहे?

या पामाच्या मागे हमदमने पाच वर्षं घालवली होती. त्याची धाकटी बहीण झेबिनिसो लग्न होऊन काळ्या समुद्राकाठी सोचीला गेली, ती नऊ वर्षांपूर्वी आई वारली तेव्हासुद्धा आली नाही. हमदम दर नवरोजला फोन करायचा, "या वर्षी ये." ती म्हणायची, "बघू." एकदा हसत म्हणाली, "अंगणात पाम लावा अका, मग येते. मला आता पामाशिवाय करमत नाही." दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण हमदमने बत्तीस वर्षं बस चालवलेली. कुणी थांबा सांगितला की तिथे जाऊन थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक.

पहिला पाम पहिल्याच जानेवारीत गेला. दुसऱ्याला त्याने बायकोच्या माहेरच्या रजया गुंडाळल्या, आत बल्ब लावला आणि झाड उबवून उबवून कुजवलं. रजयाही गेल्या. तुर्गुनॉय त्यावर अजून बोलते, पामाबद्दल नाही, रजयांबद्दल. तिसरा मात्र चिवट निघाला. थंडी सोसणारी जात, कमरेएवढं उंच खोड, पंख्यासारखी पानं, दोन हिवाळे गोणपाटात काढले पठ्ठ्याने. सप्टेंबरात हमदमने बहिणीला फोटो पाठवला. तिने फोन करून पानं खरीच आहेत ना, ते दोनदा विचारलं. मग ती म्हणाली, "बरं. मार्चात येते." म्हणजे पाम मार्चापर्यंत जगायलाच हवा होता. आणि तो इथे पुरलेला.

हमदम पोटाचे टाके धरून शेजारी गेला. "तुम्ही माझं झाड मारलंत, अका."

"मारलं कुठे? झोपवलंय," कोचकार-अका म्हणाले.

"अंजीर वाकतं. पाम वाकत नाही."

"ते आम्हालाही कळलं की. म्हणून एका बाजूची मुळं सोडवली आणि बुंध्यासकट कलता केला. पानं बांधली, खाली पेंढा घातला. एवढं तर मी माझ्या सासऱ्यालाही जपलं नाही." मग जरा दुखावून म्हणाले, "तू दवाखान्यात. तुझं झाड उघड्यावर कुडकुडत ठेवायचं आणि आम्ही घरात चहा पीत बसायचं होय रे?"

शिवी देणाऱ्याशी भांडता येतं, उपकार करणाऱ्याशी कसं भांडणार? परत उकरावं तर सोडवलेली मुळं आणखी तुटणार, आणि डॉक्टरांनी हमदमला किटलीसुद्धा उचलायला बंदी केलेली. तो टाके धरून घरी परतला.

सगळा हिवाळा तो खिडकीतून त्या उंचवट्याकडे बघत बसला. जेवणावरचं लक्ष उडालं. एकदा तुर्गुनॉयची लांबची मावशी आली. अंगणातला उंचवटा बघून बिचारी थबकली, खाली बसली आणि दुआसाठी हात वर केले. आता म्हाताऱ्या बाईला मधेच कोण थांबवणार? घरच्यांनीही हात वर केले. हमदमने तर अगदी मनापासून दुआ मागितली.

"पाम कसा आहे?" झेबिनिसोने फोनवर विचारलं.

"झोपलाय," हमदम म्हणाला. खोटं तर नव्हतं.

मार्च उजाडला तशी त्याची घाई सुरू झाली. पण कोचकार-अका हलेनात. जर्दाळू फुलल्याशिवाय फावडं लावायचं नाही, मधेच कडाका पडला तर जबाबदार कोण, हे त्यांचं पालुपद. जर्दाळू फुलला तो नेमका बहीण येणार त्या दिवशी सकाळी. आधी गल्लीतली अंजिरं उठली, सगळी ठणठणीत. मग मंडळी हमदमच्या अंगणात आली.

माती सरली, पेंढा निघाला. पानं तपकिरी, चपटी, ओलसर. कोचकार-अकांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत तो पडलेला कुणी पाहिला नव्हता.

"मधला कोंब बघू द्या," हमदम म्हणाला. कोंब सुटून हातात आला की झाड संपलं, हे त्याला पहिल्या दोन पामांनी शिकवलं होतं. गुडघ्यांवर बसून त्याने दोन बोटांनी कोंब ओढला. नाही आला. जरा जोर लावला. तरी नाही आला. "जिवंत आहे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

उभा करायला गेले तर पाम काही सरळ होईना, स्वयंपाकघराकडे तिरका झुकून राहिला. एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हमदम, दारात कोण बघ."

दारात झेबिनिसो उभी होती, बॅग हातात, डोक्यावर रुमाल, अंगाने भरलेली, केस पिकलेले. ती पामाकडे बघत होती आणि आत येत नव्हती.

"वाकडा आहे," हमदम घाईघाईने म्हणाला. "पण आहे."

"अका, पाम इथे जगत नाही म्हणून तर मी पाम म्हटलं होतं," ती म्हणाली. "आईच्या वेळेला आले नाही. कोणत्या तोंडाने या दारात उभी राहणार होते? तुम्हाला सरळ नाही म्हणवेना."

गल्लीतली माणसं फावडी घेऊन हळूच अंजिरांकडे सरकली. हमदम मातीने भरलेले हात विजारीला पुसत बहिणीपाशी गेला आणि त्याने तिच्या हातातली बॅग घेतली.

"नुसतं नाही म्हणाली असतीस तर मी काय करणार होतो, झेबी?" तो म्हणाला. "पाम म्हणालीस, म्हणून मला काहीतरी करता आलं."