डिकीतला नवाकोरा

मी एक जुना टायर आहे. तुम्ही म्हणाल, "हा कसला जुना? अंगावर ओरखडा नाही!" मित्रांनो, सगळी गोम तिथेच आहे.

कारखान्याच्या तापलेल्या साच्यातून निघालो, तेव्हाच माझ्या कडेवर चार आकडे उमटले होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही माझी जन्मतारीख. आम्ही पाच भावंडे एकाच गाडीच्या वाट्याला आलो. चौघे चाकांवर गेले आणि मी स्टेपनी म्हणून डिकीत पडलो. मालक निवृत्त भांडारपाल. घरात चमचासुद्धा "जपून, जपून" म्हणत हाती देणार, म्हणून शेजारी त्यांना जपूनराव म्हणत. आल्यागेल्याला ते डिकी उघडून दाखवत, "बारा वर्षं झाली, एक किलोमीटर चालला नाही!" माझे भाऊ झिजून भंगारात गेले, त्यांच्या जागी आलेलेही झिजले. कौतुक मात्र माझे, नुसते बसून राहण्याचे. माणसांतही असे पुष्कळ असतात, नावे घेत नाही.

पण डिकीच्या उकाड्यात माझे रबर मुकाट्याने वाळत होते.

मग मागच्या डाव्या टायरची कड एका सळईने फाटली. जपूनरावांनी मला बाहेर काढले. टायरवाल्याने माझ्यावर नख दाबून पाहिले.

"काका, नख रुतत नाही. दगड झालाय याचा. आणि ही तारीख बघा."

"टायरला कसली आलीय तारीख? खोकल्याचं औषध आहे का ते? तू नवा विकायलाच बसलायस."

टायरवाल्याने पाना उचलला आणि मी मागच्या डाव्या जागी चढलो.

गाडी चालवते त्यांची मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरे वाचून घेते. माझ्यावरचे चार आकडे तिनेही वाचले नाहीत.

मित्रांनो, रस्ता जवळून पाहा. तो बारीक खडबडीत असतो. मऊ रबर त्या खाचांत रुतते, तीच आमची पकड. सरळ रस्त्यावर ती फारशी लागत नाही, म्हणून महिनाभर माझे बिंग फुटले नाही. वळणावर मात्र गाडीला बाहेर पळायचे असते आणि तिला धरून ठेवायचे असते आम्ही. उजव्या वळणावर तर डाव्या बाजूवरच सगळा भार.

पाण्याच्या टाकीखाली उतारावर असेच एक उजवे वळण आहे. काल तिथे रस्ता ओला होता. गाडी निम्म्या वळणात असताना समोरची ओल पाहून मुलीने दचकून ब्रेक दाबला. गाडीचे वजन पुढे झुकले, मागची बाजू हलकी झाली. मी रस्ता धरू पाहिला, पण हाती काही लागेना. गाडीची शेपटी कठड्याकडे भिरकावली गेली. कठडा वीतभर राहिला आणि आम्ही थांबलो. खाली खाणीचा खड्डा होता.

घरी आल्यावर तिने वळणावर गाडी घसरल्याचे सांगितले. जपूनरावांनी गाडीला फेरी मारली, माझ्या खाचेत आगपेटीची काडी घातली.

"बघ, काडीचं अख्खं गूल आत बुडतंय. टायर नवाकोरा आहे. तू वळणात ब्रेक दाबलास?"

"दाबला, बाबा."

"मग झालं तर!"

चूक तिची होतीच. पण मऊ टायरने तेवढी चूक पोटात घातली असती. माझे पोट आता दगडाचे.

आज सकाळपासून रिमझिम आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, मी आज नको."

"अगं, भीती अशीच मोडायची असते. मी शेजारी बसतो. ते वळण मी सांगेन तसं घे. ब्रेकला पाय लावायचा नाही!"

जाता जाता त्यांनी मला बुटाने ठोकले. "दणकट आहे हो!"

दारे लागली. इंजिन सुरू झाले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, पण तुम्हाला वाचता येते. घरच्या गाडीपाशी उकिडवे बसा, प्रत्येक टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा आणि मोठ्यांना ऐकवा. डिकीतल्याचे तर आधी. ते हसले, तरी पुन्हा ऐकवा.

आमच्या घरी ते वाचायला कोणी वाकले नाही. फाटक उघडले आहे. ती पाण्याची टाकी इथून दिसते.