पुडीला न हललेली रेष

आपली तंबाखू सुटली, असं सोनगीरचे लोटनआबा गावभर सांगत होते. सून दिपमालाने मात्र खात्री पटेपर्यंत तान्ह्या नातवाला त्यांच्या हाती द्यायचं नाही, असं ठरवलं होतं.

तेवढ्यात जळगावच्या डॉक्टरीणबाई व्यसनांच्या अभ्यासासाठी मेंदूची हालचाल टिपणारी टोपी बॅगेत घालून गावात आल्या. त्यांनी टोपी आबांना चढवली आणि तंबाखूच्या पुड्यांचे फोटो दाखवले. तलफ आली की उसळणारी पडद्यावरची रेष गप्प.

"देखा! सुटी गई!" आबा ऐटीत म्हणाले.

आबांच्या पत्नी वच्छलाबाई पदराआड हसल्या. "बाई, यासनी जलममा पुडी इकत लिधी नही. दुसरानी मळेल मांगीसनच खादी!"

मग त्यांनी रिकाम्या तळहातावर तंबाखू मळल्यासारखा अंगठा फिरवून दोन थापा मारल्या. रेष टुणकन उडाली. आबांचा हातही सवयीने पुढे आला.

"सापडलं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता थाप ऐकायची आणि रेष खाली आणायची. हाच उपचार."

वच्छलाबाई हौसेने थापा मारत राहिल्या. रेष उतरेना. शेवटी दिपमालाने आबांच्या त्या पसरलेल्या हाताला दुसरा हात जोडायला लावून झोपलेलं बाळ त्यांवर ठेवलं. रेष हळूहळू खाली आली.

"थापा नको मारू वं," आबा कुजबुजले, "पोऱ्या जागा व्हई जाई."