कानतुटीची हाक

मेंढी उठताना मागचे पाय आधी उचलते. घोडं पुढचे उचलतं. हे मी थोरलीला फोनवर ओरडून सांगितलं तेव्हा तिच्या खेळाचा पहिला भाग बाजारात जायला आठ दिवस उरले होते, आणि तिच्या ऑफिसातल्या तेवीस शिकलेल्या माणसांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. थोरलीलाही नव्हतं, आणि ती जन्मली माझ्या मेंढवाड्यापासून वीस पावलांवर! लहानपणी डोळे पुस्तकात घालून बसायची, मेंढ्या काय बघणार.

थोरली म्हणजे माझी मोठी लेक. ती पडद्यावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत मेंढ्या करते. हसू नका, मीही आधी हसले होते. खेळात एक तलवारवाला आहे, त्याला दूरच्या बुरुजावर पोचायचं असतं, एवढीच गोष्ट. ती चार भाग झाले तरी संपलेली नाही. पहिल्या भागात डोंगर फार उघडा दिसतो म्हणून साहेबांनी थोरलीला सांगितलं, त्यावर काहीतरी टाक. तिनं मेंढ्या टाकल्या. नुसत्या शोभेला. तलवारवाल्याला त्यांच्याजवळ जाताही यायचं नाही. पण लोक जीव मुठीत धरून लढायचं सोडून डोंगराखाली उभे राहायला लागले, मेंढ्या बघत. कंपनीला पत्रांवर पत्रं आली. मग दुसऱ्या भागात मेंढी हाताशी आली. तिची लोकर कातरायची, घोंगडी करायची, नाहीतर बर्फात तलवारवाला गारठून मरतो. तिसऱ्या भागात धुकं होतं. त्यात मेंढी पुढं चालते, तिच्यामागं गेलात तर वाट सापडते, तिला हाकललंत तर दरीत जाता.

सगळं मी सांगितलेलं. कात्री पोटाकडून लाव, पाठीकडून नको. कळप धुक्यात पांगत नाही, एकमेकीला चिकटून चालतो. मला चौथीपलीकडं शाळा नाही, पण थोरलीचे साहेब फोनवर म्हणायचे, "आजी, तुम्ही आमच्या मेंढीखात्याच्या मुख्य." मी चारचौघांत ते सतरांदा सांगितलं. शेजारीण म्हणाली, "खोट्या मेंढ्यांचं काय एवढं कौतुक?" मी म्हटलं, "तुझ्या खऱ्या सुनेपेक्षा बऱ्या, हाक मारली की वळून तरी बघतात." ती दीड महिना बोलली नाही. मला काही कमी पडलं नाही.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खुपायची. त्या मेंढ्यांचा आवाज. तीन भाग झाले, कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मी म्हटलं, "अगं, ही मेंढी नव्हे. ही शेळी ओरडतेय."

"काय सांगतेस!"

"शेळीचा आवाज नाकातून येतो, भांडल्यासारखा. मेंढी छातीतून ओरडते. तुमच्या मेंढ्यांच्या तोंडी शेळी बसलीय, तीसुद्धा म्हातारी."

फोनवर बराच वेळ थोरली हसत होती. माझ्याशी बोलताना ती तेवढी कधी हसली नव्हती, म्हणून मीही हसले. मग म्हणाली, "आई, चौथ्या भागात खरा आवाज घेऊ. आपल्याच मेंढीचा. धुक्यात हरवलेली मेंढी हाका मारते, असा एक प्रसंग आहे. देशील?"

देशील म्हणजे काय! जगभरच्या घरांत माझी मेंढी ओरडणार. मी दुसऱ्याच दिवशी मेंढवाडा झाडून घेतला.

तेव्हा माझ्याकडं अकराच मेंढ्या उरल्या होत्या. त्यात कानतुटी नुकतीच व्यायलेली. डावा कान कुत्र्यानं तोडलेला, स्वभाव माझ्यासारखा, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. कोकरू तीन दिवसांचं. हाक हवी असेल तर कोकरू दूर न्यायचं, की ती जी हाक मारते ती दुसरी कुणी मारत नाही. हे मीच सुचवलं. कुणी माझ्या गळ्यावर पाय दिला नव्हता.

थोरली आली, साहेब आले, आणि आवाजवाला आला. आवाजवाला म्हणजे आवाज पकडण्याचं यंत्र घेऊन फिरणारा माणूस. काठीच्या टोकाला केसाळ गोंडा, त्यात आवाज शिरायचा. कोकरू त्याच्या गाडीत ठेवायचं ठरलं, कारण जवळ असलं तर ती हाक मारणं बंद करते. कोकराच्या अंगाला शेण होतं, गाडीची गादी नवी. आवाजवाल्यानं पिशवीतून ओले सुगंधी कागद काढले आणि कोकरू शेपटीपासून डोक्यापर्यंत पुसून काढलं. चांगला, मन लावून काम करणारा माणूस. बाळाला पुसावं तसं पुसलं.

मी बघत होते. मेंढी लेकराला डोळ्यांनी ओळखत नाही, वासानं ओळखते. शेपटीखाली हुंगते, मग पाजते. कोवळ्या कोकराचा वास गेला की ते तिच्या लेखी परकं. हे मला येतं, जसा श्वास येतो. मी तोंड उघडलं, "अहो, ते काय..."

थोरली माझ्या कानाशी आली. "आई, आज नको. सगळ्यांसमोर बोलू नकोस त्याला. माझी माणसं आहेत."

तेवढ्यात साहेब म्हणाले, "आजी, तुमच्यासारखं जनावर कळणारं माणूस आम्ही पाहिलं नाही." आणि मी तोंड मिटलं. आयुष्यात मी नवऱ्यासमोर गप्प बसले नाही, सासऱ्यासमोर बसले नाही. त्या दिवशी बसले.

कानतुटी सकाळपासून दुपार कलेपर्यंत ओरडली. आधी जोरात, मग थांबून थांबून, कान टवकारून उत्तराची वाट बघत. दुसरा कान नव्हता, तरी तो तुटका तुकडासुद्धा हलवत होती. आवाजवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा आवाज विकत मिळत नाही," म्हणाला.

ते गेल्यावर मी कोकरू तिच्यापुढं सोडलं. तिनं हुंगलं आणि डोकं मारून उडवलं. मी तिचंच दूध कोकराच्या पाठीला चोळलं. तिला खुंटीला बांधून कोकरू जबरदस्तीनं कासेला लावलं, तिनं लाथांनी माझं मनगट सुजवलं. बाटलीनं पाजलं तर ते अर्धं प्यायचं, अर्धं गाळायचं. आणि कोकरू शेजारीच पडलेलं असताना कानतुटी फाटकाकडं तोंड करून त्यालाच हाका मारत होती. पाचव्या दिवशी ते गेलं.

थोरलीचा फोन आला, "कोकरू कसं आहे?"

मी म्हटलं, "आहे."

का म्हटलं? तिचा आवाज फुललेला होता म्हणून. आणि खरं सांगितलं असतं तर माझी चूकही सांगावी लागली असती, म्हणूनही.

चौथा भाग बाजारात यायचा त्या दिवशी कंपनीनं मोठ्ठं सभागृह घेतलं. थोरली मला गाडीनं घेऊन गेली. दारात माणसाएवढी कापसाची मेंढी उभी, डावा कान तुटका. मी थोरलीचा हात दाबला. आत रांगेनं पडदे, प्रत्येक पडद्यासमोर माणसं, हातात बटणांचे डबे. मला पुढची खुर्ची दिली.

मग ती हाक आली.

छातीतून निघालेली, शेवटी फाटणारी. मी उठलेच खुर्चीतून. पडद्यावर तलवारवाल्यानं मेंढीला लाथ मारली होती. ती आभाळात उडाली, तुकडे होऊन लोकर सगळीकडं पसरली, आणि उडताना ओरडली ती कानतुटी. लोक खो खो हसले. लगेच दुसऱ्या पडद्यावर. मग चौथ्या, मग सातव्या. कुणाची मेंढी लांब जाते याची चढाओढ होती. कानतुटी दहा ठिकाणी एकदम लेकराला बोलवत होती आणि दर हाकेला लोक हसत होते.

"हे काय गं?" मी थोरलीला विचारलं.

"आई, तो धुक्याचा प्रसंग काढून टाकला. साहेबांनी आवाज इथं लावला. लोकांना फार आवडतंय."

"तू लावू दिलास?"

"माझ्या हातात सगळं नसतं. गेल्या महिन्यापासून मेंढीखात्याची मुख्य केलंय मला. हळू बोल."

साहेब हसत आले. माझ्या हातात बटणांचा डबा दिला. "आजी, पहिली लाथ तुमची हवी होती, उशीर झाला. दाबा हे तांबडं."

पडद्यावर मेंढी माझ्याजवळ आली. मागचे पाय आधी उचलून उठली होती. मी डबा मांडीवर ठेवला आणि विचारलं, "हिचं कोकरू कुठाय?"

साहेबांना कळलं नाही. थोरली म्हणाली, "खेळात कोकरं नाहीत, आई."

"एकाही भागात?"

"नाहीत. वेगळं अंग, वेगळी चाल, काम फार वाढतं."

"म्हणजे चार भाग झाले, एवढे डोंगर, एवढ्या मेंढ्या, आणि एकीलाही लेकरू नाही. मग ही कुणाला बोलावतेय?"

साहेब कुणीतरी बोलावलं म्हणून गेले. आम्ही दोघीच उरलो. मी थोरलीला म्हटलं, "हा आवाज काढ. शेळी परत बसव, काहीही बसव. हा काढ."

"आता निघत नाही. आवाजावरच तर सगळी जाहिरात आहे." मग तिचा चेहरा जरा उजळला. लेक माझीच, हार मानत नाही. "थांब. पुढच्या महिन्यात खेळात नव्या गोष्टी घालता येतात. कोकरू करते मी. खरंच करते. मेंढी ओरडली की ते कुठूनतरी धावत येईल, मग तिला लाथ मारताच येणार नाही, असं करते. साहेबांना पटवते. तू आपल्या कोकराचा आवाज दे. आता केवढं झालं असेल ते?"

मी डब्यावरचं तांबडं बटण अंगठ्यानं झाकलं.

"आई?"

"पाचव्या दिवशी मेलं. तिनं घेतलं नाही त्याला. वास गेला होता."

मागं पुन्हा लाथ बसली, पुन्हा हाक आली, पुन्हा लोक हसले.

"तो पुसत होता तेव्हा," ती म्हणाली. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"तूच म्हणालीस, बोलू नकोस."

थोरली माझ्याकडं वळली. "शिक्षणाला परगावी गेले, तेव्हा नको म्हणाले होते ना, स्टँडवर येऊन तमाशा करू नकोस? आलीस. लग्नात म्हटलं, सासूला टोमणे मारू नकोस. जेवणाच्या पंगतीत मारलेस. माझे केस, माझा नवरा, माझं घर. जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, आई. नेमकं त्या दिवशी ऐकलंस?"

मी मांडीवरचा डबा खाली ठेवला.

"मी विचारलं तेव्हा 'आहे' म्हणालीस. खरं सांगितलं असतंस तर मी तो आवाज कंपनीला दिलाच नसता. तेव्हा माझ्याकडंच होता तो. माझ्या टेबलावर."

मंचावरून तिचं नाव पुकारलं. तिनं डोळे कोरडे केले, कपडे नीट केले आणि गेली. साहेबांनी तिच्या हातात काचेची मेंढी दिली. दिवे गेले, आणि मागच्या सगळ्या पडद्यांवरून एकदम कानतुटी ओरडली, सभागृहाच्या छतापर्यंत. टाळ्या थांबेनात. थोरली काच छातीशी धरून उभी होती. फोटोवाले हस म्हणाले, ती हसली.

नंतर तिनं साहेबांकडं कोकराचं बोलून बघितलं. कोकरू आलं तर लाथ कोण मारणार, म्हणाले. तिनं मेंढीखातं सोडलं. मला सांगितलं नाही, जावयाकडून कळलं. मी फोन केला.

"आता काय करतेस?"

"दगड. डोंगरावरचे."

"फिरून मेंढ्यांकडं नाही जायचं?"

"नको." मग म्हणाली, "ती कशी आहे?"

कानतुटी त्या वेळी फाटकापाशीच उभी होती. ओरडणं तिनं कधीच सोडलं होतं, पण दिवसाकाठी एकदा तिथं जाऊन उभं राहणं सोडलं नव्हतं. 'बरी आहे' हे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले होते.

"अजून फाटकाशी जाते," मी म्हटलं. "रोज."

थोरलीनं फोन ठेवला नाही. पलीकडं तिच्या ऑफिसात कुठंतरी कुणीतरी तो खेळ खेळत होतं, आणि कानतुटी ओरडली. आम्ही दोघींनी ते ऐकलं.