हिला विचारा

आज वार कोणता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रविवार," मी म्हणाले.

"आजी, तुम्ही नाही. आजोबांना सांगू दे."

इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर होतं. एका टेबलावर वजन, दुसऱ्यावर रक्तदाब आणि कोपऱ्यात पडद्याआड हे स्मरणशक्तीचं टेबल. बाहेर आमचे सेक्रेटरी 'लाजू नका, तपासून घ्या' असं माइकवरून ओरडत होते. त्या आवाजापुढे धडधाकट माणसालाही वार आठवला नसता. ह्यांना मी वजन करायचंय म्हणून खाली आणलं होतं आणि बोलता बोलता पडद्याआड बसवलं होतं.

झालं होतं असं, की गेल्या आठवड्यात हे आपल्या दुकानातून आले ते थेट आमच्या वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या सोफ्यावर बसले, पाणी मागितलं. त्या घरची सून गुणाची, तिनं मुकाट्यानं दिलं. पाणी पिऊन ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला आणि मग ही कुठे गेली म्हणून माझी चौकशी केली. तेव्हा कुठे ती त्यांना खाली घेऊन आली. सगळे हसले, मीही हसले. सगळे मजले एकसारखे, दारांचा रंगही एकच, चुकतो माणूस. मी स्वतः एकदा वरच्यांच्या कुलपाशी माझी किल्ली घेऊन झटापट केली आहे. पण मी आत जाऊन बसले नव्हते. हा 'पण' काही केल्या डोक्यातून जाईना.

डॉक्टरीणबाई शांतपणे एकेक विचारत होत्या. नातवाचं वय? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी काय खाल्लं? "हिनं दिलं ते." घराची किल्ली कुठे असते? "हिला विचारा." औषधाची गोळी कोणत्या रंगाची? तेही मलाच विचारायचं होतं. चेहऱ्यावर ताण म्हणाल तर कणभर नाही. उलट एवढी शिकलेली मुलगी, हिला इतकं साधं कसं कळत नाही, याचंच त्यांना नवल वाटत असावं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पूर्वी ह्यांना हे सगळं सांगता यायचं का?"

इथे माझी पंचाईत झाली. खरं सांगायचं तर, नाही. मुलाची इयत्ता विचारली तरी हे बोट माझ्याकडे दाखवायचे. लग्नाचा वाढदिवस, गॅस संपल्याची वर्दी, सासूबाईंची औषधं, सगळं माझ्या माथी. आणि मीही कमी नव्हते. चार बायकांत बसले की 'आमच्या ह्यांना ना, काऽही माहीत नसतं' हे मी दागिना मिरवावा तसं सांगायचे. जे कधी ठाऊकच नव्हतं ते माणूस विसरणार कसं? मला भयंकर राग आला. ह्यांचा आला की माझा मलाच आला, तेही उमगेना.

"मग मलाही नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "असं एखादं काम बघा, जे ते एकटे करत आलेत. ज्यात तुमचा अजिबात हात नाही. तेही अडायला लागलं, तर उशीर करू नका, मोठ्या दवाखान्यात दाखवा."

लिफ्टमध्ये मी तेच आठवत होते. माझा हात नाही असं काय आहे? दाढी? गरम पाणी मी देते, ब्लेडही मीच काढून ठेवते. फिरायला जाणं? चपला दारात मी मांडते. हे मात्र वजन दोन किलोनं घटलं म्हणून खुशीत होते.

मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकान! ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, बाजारातल्या गल्लीत. तिथे हे नेमकं काय करतात ते मी जन्मात पाहिलेलं नाही, फक्त शर्टावरचे तेलाचे डाग धुतले. हल्ली गिऱ्हाईक फिरकत नाही, लोक तयार कपडे घेतात, असं ते म्हणायचे. मी मान डोलवायचे. आता त्या गिऱ्हाइकांचाही संशय यायला लागला. ती खरंच येत नव्हती, की येऊन परत जात होती?

जेवणं झाल्यावर मी म्हणाले, "आपलं मशीन टाके सोडतंय हो. बघता का जरा?"

साफ खोटं. मशीन उत्तम चालत होतं. कालच मी त्यावर उशीचे अभ्रे शिवले होते.

"मग आधी नाही का सांगायचं?" म्हणत हे उठले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला, पेटीतला पान्हा न शोधता उचलला. चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं नाही, की पेटी कुठली म्हणून विचारलं नाही. हात असे भराभर चालायला लागले, की मी बघतच राहिले. स्क्रू सैल झाले, पट्टी निघाली, कापड पुढे सरकवणारे खालचे दात निघाले. तोंडानं शीळसुद्धा चालू होती. माझा जीव भांड्यात पडला. उगाच त्या डॉक्टर पोरीच्या नादी लागले असं मनाशी म्हणत मी चहा टाकायला गेले.

चहा घेऊन आले तेव्हा शीळ थांबली होती. मशीनच्या पोटातलं सगळं कागदावर काढून ठेवलं होतं आणि हे हात मांडीवर ठेवून बसले होते.

"काय झालं?"

"कुठे काय."

त्यांनी एक तुकडा उचलला, उलटसुलट केला, परत ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखते. आयुष्यभर तिला उत्तर देत आले आहे, प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत. आता कागदावर ते तेलकट तुकडे पडले होते आणि त्यातल्या एकाचंही मला नाव माहीत नव्हतं. मला भीती वाटली.

"आधी कुठलं गं?" त्यांनी विचारलं.

मी कप बाजूला ठेवले. त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि हाताला लागला तो तुकडा उचलून त्यांना दिला.

"हां, हाच," ते म्हणाले आणि निर्धास्तपणे बसवायला लागले.