दोन मिनिटं धरलेला हातमोजा

माणसाला या जगात दोनच गोष्टी जखडून ठेवतात : प्रेम आणि कर्तव्य. हे वाक्य मी नोकरीच्या काळात किमान चाळीस निरोपसमारंभांत म्हटलं आणि चाळीसही वेळा टाळ्या घेतल्या. ते सपशेल चुकीचं आहे. माणसाला कावळाही जखडून ठेवतो. दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी पंचगंगेच्या घाटावर त्याने दीडशे माणसं सकाळी नऊपासून पावणेअकरापर्यंत एका जागी उभी केली होती. त्यांतला एक मी.

रक्षाविसर्जन होतं बाळासो मगदूमचं. बाळासो म्हणजे आमच्या गल्लीतला, माझ्या शेजारचा, उद्यमनगरात लेथवर हयात घालवलेला माणूस. राख नदीत गेली, केळीच्या पानावर भात, दही, भडंग आणि कपभर चहा मांडून झाला. आता कावळा शिवला की सगळे सुटले. आमच्याकडे कावळा शिवल्याशिवाय कुणी हलत नाही. कुणाची कागलच्या एमआयडीसीत दुपारची शिफ्ट होती, कुणाचा रिक्षाचा धंदा बुडत होता, पण निघणार कोण? पहिला जो निघेल त्याचं नाव गल्लीत दहा वर्षं टिकतं.

कावळे होते. समोरच्या पिंपळावर सात-आठ बसले होते. ते पानाकडे बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडे.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग जवळची माणसं पुढे होऊन शब्द देतात. थोरला मुलगा सम्राट पुढे झाला. "आण्णा, आईची काळजी करू नगा. मी हाय." कावळ्याने चोच पिसांत घातली. पेठ वडगावला दिलेली लेक वर्षाराणी डोळे पुसत म्हणाली, "आण्णा, मी बीएड पुरं करतो. शप्पत." कावळा दुसऱ्या फांदीवर गेला, म्हणजे आणखी लांब.

"बीएडचं त्याला काय पडलंय?" बाळासोची थोरली बहीण धोंडुबाई गरजली. या बाई कानात कुजबुजल्या तरी पलीकडच्या काठाला ऐकू जातं. "घरातलंच काय तरी राहिलंय. बायकूनं कदी सुखानं घास खाऊ दिला असंल तर ना!"

दीडशे माना चिमणाबाईंकडे वळल्या. चिमणाबाई म्हणजे बाळासोची बायको. पदर तोंडाशी धरून उभी होती, ती जागच्या जागी वीतभर खाली गेली.

तिच्यावर हे का आलं, ते सांगायला हवं. बाळासोसारखा घरवेडा माणूस मी बघितला नाही. पगार बायकोच्या हातात, संध्याकाळी सातला उंबऱ्याच्या आत, आणि मुलीचा विसरलेला डबा शाळेत नेऊन देणारा गल्लीतला पहिला बाप. त्या डब्यानेच त्याचा घात केला. ब्याण्णव साली वर्षाराणी पाचवीत असताना तो डबा घेऊन शाळेच्या मैदानावर गेला. तिथं खेळाचे मास्तर पोरांना बेसबॉल नावाचा काहीतरी प्रकार शिकवत होते. कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल सोडून तिसरा खेळ असतो हे बाळासोला तेव्हाच कळलं. मास्तर म्हणाले, "पावणं, एवढा हातमोजा धरा जरा. दोन मिनिटांत आलो."

मास्तरांची आजऱ्याला बदली झाली होती. त्यांची एसटी साडेअकराची होती.

बाळासो तीन वाजेपर्यंत मोजा धरून उभा राहिला. पोरं विचारायला लागली, आता काय करायचं? तो म्हणाला, "चालू ठेवा की." दुसऱ्या दिवशी मोजा परत द्यायला गेला, तर पोरं रांगेत उभी. असं बारा वर्षं चाललं. वर्षाराणी शाळा सोडून गेली, लग्न करून गेली, बाळासो मैदानावरच. रोज पहाटे पावणेसहाला, आणि रविवारी दिवसभर.

चिमणाबाई चिडायची, आणि तिचं चुकत नव्हतं. धावणाऱ्याने शेवटी जिथं पाय टेकवायचा, त्याला त्या खेळात घर म्हणतात. तिथली रबरी पाटी सत्त्याण्णव साली कुणीतरी पळवली. तेव्हा बाळासोने एका दिवसासाठी म्हणून घरातला सागवानी पोळपाट नेला. पोरं त्यावर बुटासकट उड्या मारत. "अन्नाचा पाट त्यो!" म्हणून दर रविवारी भिंतीपलीकडून भांडण ऐकू यायचं. गल्लीने ते ऐकलेलं होतं. म्हणून आता दीडशे माना वळल्या.

पण गल्लीला एक गोष्ट माहीत नव्हती, ती मलाच माहीत होती. गेल्या दिवाळीत बाळासो माझ्या पायरीवर बसून म्हणाला होता, "आबा, खरं सांगू? मला ह्यो खेळ अजून कळलेला न्हाय."

"बारा वर्षांत?"

"मारल्यावर पळायचं, एवढं कळलंय. कवा थांबायचं, त्ये पोरं सांगत्यात." मग चपलेचा अंगठा चाचपत म्हणाला, "बारा वर्षं झाली, आपल्या पेठेची एक म्याच बघितली न्हाय. फुटबॉल रविवारी, आन् ह्ये बी रविवारी. गुतलोय मी आबा."

"मग सोड की."

"कसा सोडू? मी जायच्या आधी पोरं आलेली असत्यात." आणि हळूच, लाजल्यासारखा म्हणाला, "अजून गेटाकडं बघतोय मी. मास्तर येत्यात का."

आता बघा माझी अवस्था. त्याचा जीव कशात अडकलाय ते त्या घाटावर फक्त मला ठाऊक. "बाळासो, तुझा बेसबॉल बंद" एवढं म्हटलं की कावळा उतरणार. पण पानाच्या डाव्या बाजूला त्याच्या टीमची चौदा पोरं-पोरी धुतलेल्या गणवेशात, बॅटी खांद्याला लावून, बंदुका धरल्यासारखी मानवंदना देत उभी. त्यांच्यादेखत म्हणू, की तुमच्या सरांना तुम्ही नको होतात? आणि गप्प राहू, तर चिमणाबाईच्या माथी ते जन्माचं बसणार.

कुणीतरी दर्भाचा कावळा करून उरकायचं सुचवलं. धोंडुबाई म्हणाल्या, "म्हंजे काठावर पास! माझ्या भावाला?" आणि पुन्हा भावजयीकडे बघितलं. चिमणाबाई कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात पुटपुटत होती, "माझंच चुकलं. माझंच चुकलं."

तेवढ्यात टीमची कप्तान निशा, तेरा वर्षांची, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, सर तुमचं नाव सारखं घ्यायचे. आमची प्रॅक्टिस आता कोण घेणार?"

दीडशे माना माझ्याकडे वळल्या. मी सदुसष्ट वर्षांचा. मला गुडघे आहेत, ते फक्त दुखण्यापुरते.

पण चिमणाबाईवरची नजर हलली होती, हेही मी पाहिलं. ती पुन्हा तिकडे जाऊ द्यायची नव्हती. मी पुढे झालो. पानाजवळ उकिडवा बसलो आणि खड्या आवाजात म्हणालो, "बाळासो, टीम मी बघतो!"

पोरांनी बॅटी आपटल्या. कावळा हलला नाही.

मग मी खाली वाकलो, चहाच्या कपात सांगितल्यासारखं हळू बोललो. "ते मास्तर काय येत न्हाईत. मोजा मी धरलाय. आज चारला आपल्या पेठेची म्याच हाय. तू जा."

वरून फडफड झाली. कावळा उतरला, भात-दही ओलांडून गेला, भडंगातला एक शेंगदाणा निवडून घेतला आणि उडाला. खरं सांगतो, फुटबॉलच्या स्टेडियमच्या दिशेने.

"टीमसाठी जीव अडकला हुता वं!" धोंडुबाई रडायला लागल्या आणि त्यांनी चिमणाबाईला छातीशी धरलं. लोक डोळे पुसत चपला शोधू लागले. दोन मिनिटांत घाट जवळजवळ रिकामा. निशाने माझ्या हातात तो हातमोजा दिला. आतून घामाने काळा पडलेला, आणि अजून बाळासोच्या हाताच्या आकाराचा. पोरांनी सामानाचं पोतं माझ्या पायाशी आणून ठेवलं.

"उद्या सकाळी पावणेसहा," निशा म्हणाली. "आबा, उशीर नको. सर कधी करायचे नाहीत."

मी मान डोलावली. गेटाकडे आता मी बघणार होतो.

तेवढ्यात चिमणाबाई एकटी माझ्याकडे आली. डोळे लाल, पण मान वर. मला वाटलं, आता ही काहीतरी असं बोलणार की मला पेलवायचं नाही. आजूबाजूचे दोघे-तिघे आदराने मागे सरले.

"भावजी," ती म्हणाली, "त्या पोत्यात माझा पोळपाट हाय. सात वर्षं उलट्या ताटावर लाटतोय मी. आज घरात पावणं हाईत, तेवढा धुऊन द्या."