खांडीत आधी कोण
मनुबाईला सकाळपासून घराबाहेर पाऊल टाकवत नव्हतं. ग्रामसभा खाणीची होती, आणि खाणीला होकार आधी तिनंच द्यायचा हे गावानं न बोलता ठरवून टाकलं होतं.

कारणही तसंच होतं. कंपनी पहिल्यांदा डोंगर वरून सोलायला आली तेव्हा रस्त्यात आडवी पडली ती हीच बाई. मग कंपनी जमिनीखालून खाण काढायला तयार झाली, तेव्हा अटी घालणारीही हीच. आत दगडाचे खांब सोडायचे, पोकळी परत भरायची, विहिरींचं पाणी मोजायचं, आणि हे सगळं गावचा एक माणूस खाणीत उतरून डोळ्यांनी बघणार. कंपनीनं मुकाट्यानं मान्य केलं. खाण झाली तर पोरांना न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर जन्म काढावा लागणार नाही, हे तिला मनापासून पटलं होतं.

आता तो एक माणूस कोण, एवढंच उरलं होतं. खाडीकाठच्या या खारेपाटात हे कुणाला विचारावं लागत नाही. उधाणानं बांधाला खांड पडली की जो ‘बुजवू या’ म्हणतो, त्याच्याच घरचा माणूस आधी त्या फुटक्या बांधात उतरतो. दुसऱ्याच्या लेकाला पुढं घालून शहाणपण सांगायची इथं सोय नाही. अट घालताना मनुबाईच्या हे ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा तिची झोप उडाली. तिच्या घरात उतरण्याजोगा एकच होता, तिचा मुलगा गणराज.

शाळेच्या पडवीत सभा भरली. सून पूनम तिला खेटून बसली होती.

“आय, तुमी गप रव्हा. दुसरं कोन तरी बोलंल,” ती कुजबुजली.

“मी न्हाय बोलले तं कोनीच न्हाय बोलनार.”

“मंग ऱ्हाऊ दे ती खान.”

मनुबाईला क्षणभर तेही पटलं. भीती मोठी लबाड, काहीही पटवून देते. तिला डोंगराखालचा काळोख दिसत होता, आणि त्यात गणराजची बॅटरी विझताना दिसत होती.

“मनुबाय, बोल की,” गावचा पंच येसाजी म्हणाला.

ती उठली. “खान करा,” ती म्हणाली. “आन माजंच नाव लिवा. मी उतरन.”

कुणी हसलं नाही. तालुक्याचा अधिकारी मात्र अवघडला. “आजी, या वयात खाणीत उतरायची परवानगी नाही मिळत.”

तिला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? तिनं पळवाट शोधून पाहिली, इतकंच.

“मंग माजं लिवा,” मागून गणराज म्हणाला.

पूनमनं तोंडात पदर कोंबला. मनुबाईला वाटलं, आत्ता म्हणावं, चुकलं माझं, नको ती खाण. तिनं तोंड उघडलंही. पण तोवर तिचा शब्द आणि तिचा लेक बघून बाया हात वर करू लागल्या होत्या, आणि मागोमाग पुरुषही. तिनं तोंड मिटलं.

गणराज तिच्याकडे बघून हसला, अगदी निर्धास्त. अटी आईनं घातल्यात, मग भ्यायचं कशाला, असं त्याचं ते हसणं होतं. एवढी भीती मनुबाईला जन्मात कधी वाटली नव्हती.